देवघराला वळसा

माझ्या सासऱ्यांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्यावरच ते सगळ्यात ठासून बोलत. बनारसच्या रामघाटावरल्या मराठी वस्तीत त्यांच्या वेदपाठाला मान होता. घरात त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. मी नागपूरहून विजेचा डिप्लोमा करून आलेली सून, रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करणारी. नवरा बदलीच्या गावी. घरात तिघंच: सासरे, मी आणि दम्यानं पिळून निघालेल्या सासूबाई.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. बनारसची बत्ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसे. सासूबाईंना दम लागला की औषधाची वाफ देणारं मशीन लावावं लागे, आणि ते विजेवर चालणारं. बत्ती गेली की त्या पलंगाची कड धरून नुसत्या श्वास ओढत बसत. ते ऐकवत नसे. म्हणून मीच हट्ट धरून जनरेटर आणवला. धूर घरात नको, म्हणून मागच्या रिकाम्या गोठ्यात बसवला. घराचा बोर्ड सासूबाईंच्या खोलीबाहेर होता. गोठ्यापासून तिथवर तार आणायची होती.

तार किती जाड घ्यायची हे नुसतं किती वीज लागते यावर ठरत नाही, ती किती लांब न्यायची यावरही ठरतं. लांब आणि बारीक तारेत वीज वाटेतच दमते. सरळ वाट देवघराच्या झरोक्यातून होती. तेवढ्याला अडीचची बारीक तार पुरत होती आणि तीच मी सांगितली. सासऱ्यांनी ती आणली. मग तार लावणारा दारात येऊन उभा राहिल्यावर म्हणाले, "देवघरातून नाही जाणार. त्या तेलकट खटाऱ्याची तार सोवळ्याच्या जागेतून? छतावरून फिरवून न्या."

"बाबा, देवघरात बल्ब आहेच की."

"तो माझ्या वडिलांनी लावलेला आहे."

"छतावरून वाट तिप्पट होते. मग ही तार चालणार नाही, सहाची जाड घ्यावी लागेल. पाण्याचा पंप सुरू झाला की ही तापेल."

"तूच तर हीच सांगितलीस. आता पलटू नको."

त्यांनी तसलंच बारीक आणखी एक बंडल मागवलं आणि छतावर जोड मारून घेतला. मी माझ्या पगारातून जाड तार आणली, ती त्यांनी दुकानात परत पाठवली.

मग व्हायचं तेच झालं. पंप लागला की दिवे मिणमिणत आणि वाफेचं मशीन घुरघुरून गप्प होई. सासूबाई मास्क धरून माझ्याकडे बघत. सासरे दारातून म्हणत, "सूनबाईंचं इंजिनियरिंग बघा." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई.

ज्येष्ठातल्या एका दुपारी सासरे बालाजी घाटावर पाठाला गेलेले असताना बत्ती गेली, आणि सासूबाईंना जोराचा दम लागला. मी जनरेटर सुरू केला, पण घरात वीजच येईना. छतावरचा जोड जळून काळा पडला होता. सासूबाईंचे ओठ निळे पडत चालले. गोठ्यात बंडलातला लांब तुकडा उरला होता. तो मी जनरेटरला जोडला, झरोक्यातून आत खेचला आणि देवांसमोरून नेऊन थेट मशीनला दिला. मशीन चाललं. भरभरून वाफ आली. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला आणि मला रडू फुटलं.

थोड्या वेळानं डोळे उघडून त्यांनी तारेकडे पाहिलं.

"कुठून आणलीस?"

"देवघरातून."

त्यांनी मास्क ओढून काढला. "बंद कर. छूत लावलीस देवांना." मी मास्क परत लावायला गेले, तर त्यांनी माझा हात झिडकारला. तेवढ्यात सासरे आले. बायकोकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तार ओढून अंगणात फेकली आणि आंघोळीला गेले. सासूबाई धापा टाकत मला म्हणाल्या, "बघतेस काय? ह्यांना सोवळं काढून दे." त्या क्षणी मला दोघांचीही सारखीच किळस आली.

त्या दिवशी बत्ती लवकर आली म्हणून त्या वाचल्या. छतावरचा जोड सासऱ्यांनी पुन्हा त्याच तारेचा मारून घेतला. आषाढात एकदा बत्ती लवकर आली नाही, आणि तो जोड पुन्हा जळला. मी कारखान्यात होते.

तेराव्याच्या पंगतीत सासरे पाहुण्यांना सांगत होते, "सून शिकलेली, पण तारेचा हिशेब चुकला. आमची ही त्यात गेली." मी वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हिशेब बरोबर होता. तार देवघरातून गेली असती तर आई आज असत्या. तुम्ही मारलंत त्यांना."

पंगतीत एकाचीही मान वर झाली नाही. सासऱ्यांनी भातात बोटांनी आळं केलं आणि पानावरची नजर न काढता म्हणाले, "इकडे तूप राहिलं."

शेजारच्या बाईंनी लगबगीनं येऊन ते वाढलं.