पाहुण्यांपुढं काढलेला आवाज

"हां, आता तो मेंढ्यांचा आवाज काढून दाखव बरं."

काकू असं म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात फराळाची बशी होती. समोर सोफ्यावर, खुर्च्यांवर, गालिच्यावर मिळून पंधरा-सोळा पाहुणे. सगळे मराठी. सगळे वीस-वीस वर्षं इंग्लंडात राहिलेले. एकानं मोबाईल माझ्याकडं धरला.

"अगं, लाजतेस काय? आपलीच माणसं आहेत."

मी बशी खाली ठेवली आणि आवाज काढला.

हे आधीच सांगून टाकते. मी काढला.

माझा बाप दौलताबादच्या माळावर मेंढरं वळतो. जीभ टाळूला लावून लांब 'हुर्र्र' करतो. पांगलेली मेंढरं मान वर करतात अन् त्याच्याकडं चालायला लागतात. मी सहा वर्षांची असताना त्यानं मला हे शिकवलं. पहिल्यांदा मेंढरं माझ्या आवाजावर वळली तेव्हा मला पंख फुटल्यासारखं झालं होतं.

त्या दिवाणखान्यात मेंढरं नव्हती. माणसं होती, ती हसली. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "किती ऑथेंटिक!" काकांनी टाळ्या वाजवल्या. मला आणखी एक करंजी मिळाली.

मी तिथं नाचायला गेले नव्हते. मी जनावरांची डॉक्टर. औरंगाबादला राहून शिकले, मेंढ्यांच्या आजारांवर पुढं शिकायला एका वर्षाची शिष्यवृत्ती मिळवली. त्या योजनेत विद्यार्थ्याला तिथल्या एका कुटुंबात ठेवतात. मला मिळालेलं कुटुंब मराठी निघालं. घरच्या बाईंना मी काकू म्हणायला लागले. त्यांचं माहेर तर आमच्याच शहरातलं. आई म्हणाली, "परमुलखात नाय, पोरगी माहेरीच चालली म्हणायची."

पहिल्या दिवशी काकूंनी चहा दिला आणि आडनाव विचारलं.

"म्हणजे नक्की कोण?"

"धनगर."

"अच्छा. हरकत नाही."

हरकत कशाची, हे मी विचारलं नाय. विचारायला पाहिजे होतं.

माझं ताट, माझी वाटी, माझा पेला वेगळ्या कप्प्यात. "तुला शोधायला सोपं पडावं म्हणून गं." देवघरात जाऊ नको असं कुणी म्हणालं नाय. मी दाराशी गेले की काकू आतूनच विचारायच्या, "काही हवंय का?" मी पाऊल मागं घ्यायची. महिन्याभरात माझं पाऊल आपोआप मागं यायला लागलं.

मग माझी भाषा. "'इथं' नाही, 'इथे' म्हण." "'व्हय' काय? आमची मुलं ऐकतात." त्यांच्या मुलांना मराठीत पाणी मागता येत नव्हतं. पण माझ्या तोंडून त्यांची मराठी बिघडणार होती.

वर्गात माझं इंग्रजी लई मोडकं. वाक्य अर्ध्यात अडकायचं. कुणी हसलं नाय. हसायला मला मराठी माणसं भेटली.

अन् मी सुधारत गेले. इथे, तिथे, होय, नाही. आईशी बोलतानासुद्धा. एकदा ती म्हणाली, "काय गं, परक्यावानी का बोलायलीस?" मी म्हणाले, सवय लागली. सवय नव्हती ती. भीती होती.

तो फराळाच्या दिवशीचा व्हिडिओ काकूंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसून लोळणारे चेहरे. तिथून तो शहरात आला. शहरातून आमच्या गावच्या पोरांकडं. पोरांकडून माझ्या बापाकडं.

एका सकाळी मी कॉलेजला निघताना त्याचा फोन आला. तिकडं दुपार होती. मागं मेंढरांचा गलका ऐकू येत होता.

"पोरी, व्हिडिओ बघितला तुझा."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"तिथं मागं कुठं मेंढरं व्हती का?"

"नाय, दादा."

"मग कुणाला बोलावत होतीस?"

तो रागावला नाय. रागावला असता तर बरं झालं असतं. "बरं, ठिवतो," म्हणाला अन् फोन ठेवला.

मी न्हाणीघरात जाऊन फरशीवर बसले. रडू येईना. राग यायला लागला. आधी माझा स्वतःचा. ज्या आवाजावर माझ्या घराची चूल पेटती, तो मी एका करंजीसाठी पाहुण्यांपुढं टाकला. मग त्या घराचा. वेगळ्या कप्प्याचा. "अच्छा"चा.

संक्रांतीला पुन्हा पाहुणे आले. काकू माझ्या खोलीत आल्या. "ते तुमचं घोंगडं आणलंयस ना? ते खांद्यावर घेऊन ये. आणि मागच्या वेळेसारखं कर, सगळे वाट बघतायत."

मी घोंगडं न घेता बाहेर आले. हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिले.

"मी नाय करणार."

काकू हसत म्हणाल्या, "'नाही' म्हणावं."

"नाय."

काकूंचं हसू गेलं. "आम्ही तुला घरात घेतलं. कुठून आलीस ते विसरू नकोस."

"तेच विसरले होते, काकू."

दुसऱ्या दिवशी मी योजनेच्या कार्यालयात गेले अन् अर्ज लिहिला. दोन पानं, मोडक्या इंग्रजीत. ताट, देवघर, भाषा, व्हिडिओ. तिथल्या बाईला जात म्हणजे काय हे समजावून सांगायला अर्धा तास लागला. काकूंना कळलं तेव्हा त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "जायचं तर जा. पण कारण 'अभ्यासाला शांतता हवी' एवढंच लिही ना."

कारण लिहून झालं होतं. खरं होतं तेच. आठवड्यात मला वसतिगृहात खोली मिळाली. चौकशी झाली अन् त्या घराचं नाव योजनेच्या यादीतून निघालं.

आता मी परत आलेय. शहरातच जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करते, चिकलठाण्याला राहते. मागच्या महिन्यात काकूंचे भाऊ दवाखान्यात आले. वकील आहेत. मी एका शेळीला इंजेक्शन देत होते. ते रुमाल नाकाला लावून थांबले.

"ताईची फार बदनामी झाली हो तिकडे. एक मेल टाका, गैरसमज झाला होता म्हणून. माझ्या ओळखी आहेत, तुमच्याही कामाला येतील."

"गैरसमज नव्हता."

"घरात मुलीसारखं ठेवलं तुम्हाला!"

"त्यांच्या मुलीला नाचवलं असतं का पाहुण्यांपुढं?"

रुमाल खाली आला. "तुम्हा लोकांना हल्ली फारच माज आलाय."

मी हात धुतले. टेबलावरचा कागद ओढला. "हे वाक्य बी कळवते योजनेच्या कार्यालयाला. तुमचं पूर्ण नाव सांगा."

त्यांनी नाव सांगितलं नाय. निघून गेले. शेळीवाली म्हातारी माझ्याकडं बघत म्हणाली, "कोण होतं गं ते?" मी म्हणाले, "मावशे, अर्ज मागं घे म्हणून सांगाया आले होते."

"मग घेतलास?"

"नाय."

यंदा त्याच योजनेतून कन्नड तालुक्यातली एक पोरगी जातेय. फोन करून तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला काय अनुभव आला?" मी तिला सगळं सांगितलं. माझी लाज बी लपवली नाय. तिकडचा पत्ता, अर्ज कुणाकडं द्यायचा, काय शब्द वापरायचे, सगळं लिहून दिलं.

लोक म्हणतात, झालं गेलं, आता सोडून दे. ज्यांनी केलं त्यांना असं कुणी सांगत नाय, मलाच सांगतात. मी सोडलेलं नाय. अर्ज तसाच राहील, त्याखाली माझं नाव तसंच राहील, आडनावासकट. वकील पुन्हा येऊ दे, दहा येऊ दे. एक अक्षर मी बदलणार नाय.