बाबांनी पुसलेला डोंगर

बाबांच्या चित्रात एक मोठा डोंगर होता आणि त्याच्या उतारावर शेतकऱ्याचं एक घर. दगडी भिंती, लाकडी छप्पर, बंद दार. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्नाआधी मित्रांसोबत हिमाचलात गेले असताना त्यांनी ते घर पाहिलं होतं आणि परतल्यावर तैलरंगात काढलं. पुढे नोकरीभर त्यांनी मुलांच्या वह्यांतली वांगी-टमाटर तपासली, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले. पण ‘माझं चित्र’ म्हणायचे ते या एकालाच. कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं, अंगणात एखादं माणूस दाखवा ना, घर ओसाड वाटतं.

“पुऱ्या झालेल्या चित्रात मी हात घालत नाई,” म्हणाले. विषय संपला.

आईला विसर पडू लागला तेव्हा मी पुलगावला नोकरीत होते. दर शनिवारी बोरगाव मेघेला घरी यायचे. आधी ती गॅस बंद करायला विसरायची, मग शेजारणींची नावं. एका शनिवारी तिनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “या ना बाई. कोनाकडे आल्या?” मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती पिशवीत दोन साड्या भरून भिंतीवरच्या त्या चित्रासमोर उभी राहिली. “चाला, मले घरी सोडून द्या.”

“हेच तर घर आहे आपलं,” बाबा म्हणाले.

“हे नाई. ते.” तिनं चित्रातल्या घराकडे बोट दाखवलं. “माह्या बापाचं.”

तिचं माहेर जाम गावाच्या पलीकडे, काळ्या सपाट जमिनीतलं. तिथून नजर जाईल तिथवर कापसाची पऱ्हाटी आणि तूर. बाबांनी समजावून पाहिलं, चिडूनही पाहिलं. ती कडी काढून निघून जायची. एकदा तर पार मोठ्या रस्त्यावरून शेजाऱ्यांनी तिला परत आणलं. दाराला कुलूप लागलं, तर ती कुलूप धरून हलवत बसे. चित्र माळ्यावर टाकू, असं मी सुचवलं.

“काढलं तर तिनं पाहावं कुठं?” बाबा म्हणाले.

पुढच्या शनिवारी घरात टर्पेंटाइनचा वास होता. चित्रातल्या घराच्या दारात एक कडुनिंब उभा होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “दारातला निंब कोनं तोडला म्हनून रडत होती,” एवढंच बोलले.

मग गोठा आला, गोठ्यात म्हैस आली. दार उघडलं गेलं. उतारावर पऱ्हाटीची तासं उमटली. आई खुर्ची ओढून बाजूला बसायची, सांगायची. बाबा ऐकायचे आणि ब्रश चालवायचे. “म्हशीचं शिंग असं नव्हतं,” ती म्हणे. “मंग कसं होतं?” ते विचारत. तेवढा वेळ ती कडीकडे जात नसे.

एका शनिवारी संध्याकाळी मात्र ती चित्रापासून मागे सरकली. “ते काय आहे मांगं? अंगावर येऊन राह्यलं.”

तो डोंगर होता. ती पलंगाच्या कोपऱ्यात जाऊन बसली, जेवायलाही उठेना.  रविवारी सकाळी त्यांनी पांढऱ्यात थोडा निळा कालवला आणि शिखरापासून सुरुवात केली.

मी त्यांचा हात धरला. “बाबा, राहू द्या. उद्या तिच्या ध्यानातही राहनार नाई.”

“उद्याचं उद्या. आज तिले भेव लागून राह्यलं ना.”

दुपारपर्यंत डोंगर गेला. त्याच्या जागी आमच्याकडे असतं तसं मोकळं, जमिनीपर्यंत उतरलेलं आभाळ होतं. आई आली, बराच वेळ पाहत बसली. “आता बरोबर,” म्हणाली. मग बाबांकडे वळून तिनं आदरानं विचारलं, “तुम्ही कोन्या गावचे पेंटर?”

बाबांनी ब्रश खाली ठेवला. “जवळचाच आहो.”

“जेवून जाजा मंग.”

त्या दिवशी बाबा पाहुण्यासारखे पाटावर बसले आणि आईनं त्यांना आग्रह करकरून वाढलं.

हिवाळ्यात ती दुपारी झोपली ती उठलीच नाही. तेरवीला मामा आले. आईचे थोरले भाऊ, काठी टेकत चालणारे. मांडवात पंगत बसली होती. ते आत आले आणि चित्रासमोर थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“हे तर आमचं घर होय,” ते म्हणाले. “विहीर तेवढी नाई.”

बाबा जागेवरून उठले. “विहीर होती?”

“होती ना. तिथंच तर पानी भरे माही बहीन. गोठ्याच्या मांगं.”

“मांगं म्हनजे कोन्या अंगानं?”

मामांनी काठीच्या टोकानं जागा दाखवली. बाबांनी कपाटातून रंगांची पेटी काढली, मामांसाठी खुर्ची ओढली आणि विहिरीचा काठ दगडी होता की विटांचा, ते विचारायला लागले.