तादेऊशकाकांच्या टाळ्या

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर एकटे राहणारे तादेऊशकाका एके काळचे पोलंडमधले नट, हे २००४ सालापर्यंत कोणाच्या गावीही नव्हतं. सांगणार तरी कोणाला? फोन वाजला तर तोही राँग नंबर.

नशीब तरी बघा माणसाचं! महायुद्धात सख्खा भाऊ जर्मनांनी मारला, आणि पुढे सिनेमावाल्यांनी उंची नि निळे डोळे बघून ह्यांनाच कायम जर्मन अफसर केलं. नाटकात मात्र चांगली कामं मिळाली. मग देशात लष्करी कायदा आला आणि नटांनी निषेध म्हणून ठरवलं, सरकारी टीव्हीवर काम करायचं नाही. काकांची बायको हलिना आजारी, औषध कुठे मिळेना. वशिल्याने ते मिळावं म्हणून काकांनी टीव्हीवर एक काम केलं. पुढच्याच प्रयोगाला त्यांनी तोंड उघडलं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. थांबेचनात. बहिष्कार मोडणाऱ्याला वाक्य पुरं करू द्यायचं नाही, ही तिथली शिक्षा. काका स्टेजवरून विंगेत गेले ते कायमचेच. वर्षभरात हलिनाही गेली. मग अमेरिका, आणि वीस वर्षं एका गोदामावर पहारा.

वरच्या मजल्यावरच्या सुनेत्राने एकदा भिंतीवरचे फोटो पाहिले आणि मराठी मंडळाच्या नाटकात गोऱ्या कलेक्टरचं काम काकांच्या गळ्यात घातलं. मराठी वाक्यं दोनच. आठ दिवस नाही-नाही करत काका तयार झाले. मरण्याआधी एकदा स्टेजवर वाक्य पुरं करायचं होतं त्यांना.

पहिलं वाक्य काय खणखणीत आलं! टाळ्यांचा नुसता कडकडाट. काका पांढरेफटक पडले आणि विंगेतून तडक पार्किंगमध्ये. सुनेत्रा मागे धावली, तेव्हा कुठे तिला ही सगळी हकिकत कळली.

"काका, आवडलं म्हणून वाजवत होते हो."

"ऐकायला सारखंच वाटतं, पोरी."

तिने दिग्दर्शक गुरुनाथला गाठलं. त्याने स्टेजवर येऊन सांगितलं, "काकांचं एक वाक्य राहिलंय. प्लीज, कोणी क्लॅप करू नका."

काका परत आले. दोनशे माणसं, पण हूं नाही की चूं नाही. त्यांनी ते वाक्य सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. बावीस वर्षांनी त्यांना कोणी अडवलं नाही.

विंगेत सुनेत्राने विचारलं, "काका, आता तरी टाळ्या वाजवू देऊ का त्यांना?"

काकांनी नको म्हणून मान हलवली. डोळे भरून आले होते.

"हलिना त्या शेवटच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत होती," ते म्हणाले. "औषधाने बरं वाटलं, म्हणून मुद्दाम आली होती."