तुळशीच्या काळ्या पिशव्या

आमच्या शेजारची तुळशी अवसेच्या पहाटे खाडीत उतारा सोडते, अशी बातमी आषाढात गावभर झाली. काळं गाठोडं, आत लिंबं, बाहुली, काळी कोंबडी. सांगणाऱ्याची जशी ऐपत, तसं गाठोडं भरत जायचं. नवऱ्याचा लकवा दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलायला बसलीय म्हणून बायका तिच्या दारावरून जाताना पोरांना पदराखाली घ्यायच्या. डोलीच्या जाळ्यांना मासळी लागेना, तेव्हा कोळीवाड्यातही तिचंच नाव निघालं. ही बातमी माझ्याकडून फुटली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. माझ्याकडून फुटली असती तर कोंबडीचा रंग तरी जरा वेगळा असता.

गाठोड्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. आमची नारळीची वाडी आणि तिचं घर यांच्यात एक कुंपण, आणि माझं नाक शाबूत. त्या पिशव्यांत लिंबू नव्हतं की बाहुली नव्हती. तिचा नवरा नामा अंथरुणाला खिळला होता, त्याचे वापरलेले डायपर होते. एवढंच. गावाला करणी परवडते, पण हे नाही परवडत. करणीची गोष्ट निदान चहाबरोबर सांगता येते.

तुळशी मिठागरावरची पोर. रेवसच्या अलीकडे आमच्या खाडीच्या काठाला पूर्वी मिठागरं होती, तिथे तिचा बाप कामाला. चालायला लागली तेव्हापासून मिठाच्या वाफ्यात, त्यामुळे तळपाय असे की काचेवर उभी राहिली तर काच ओरडेल. लग्न होऊन शेजारी आली त्या वर्षीच आमचं पहिलं भांडण झालं, माझ्या वाडीतली झावळी तिच्या अंगणात पडली म्हणून. तिने ती परत माझ्याकडे टाकली नाही. उभी चिरून तिचे हीर काढले, केरसुणी बांधली आणि त्याच केरसुणीने माझ्या देखत अंगण झाडलं. मी म्हटलं, बाई, ही झावळी माझी. तर म्हणाली, केर तुमचा, केरसुणी माझी.

तिच्या घरात टाकायचं असं काही नसायचंच. मासळीचं धुवण माडाच्या बुंध्याला, करवंट्या चुलीत, राख भांड्यांना, लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की माडाच्या आळ्यात. पंचायतीची घंटागाडी सुरू झाली तेव्हा सगळ्या बायका डबे घेऊन रांगेत, आणि ही पायरीवर बसून आमचे डबे बघायची. कुमुदबाय, केवढा पिकतंय गो तुमच्या घरात, म्हणायची. कुमुद म्हणजे मी.

नामा तिला शोभेल असाच. मीठ बंद पडल्यावर या भागातली निम्मी माणसं गाड्यांवर गेली, तोही ट्रक चालवायला लागला. लेंगा कायम इस्त्रीचा. ट्रकला आंघोळ घातल्याशिवाय स्वतः करायचा नाही. बाकीचे डायवर रस्त्याकडेला पाठ करून उभे राहायचे; हा मात्र पाण्याची सोय दिसेपर्यंत पोट दाबून गाडी हाकायचा. त्याचे साथीदार त्याला राजेसाहेब म्हणायचे. मीही म्हणायचे, तोंडावर. तो हसायचा.

माघात राजेसाहेब नाक्यावर चहा पिता पिता कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं तोंडातल्या तोंडात राहिलं. समजायचं मात्र सगळं. अलिबागहून घरी आणला आणि तुळशीने त्याची खाट रस्त्याकडच्या खिडकीला लावली, चार माणसं दिसतील म्हणून. माणसं दिसायची. त्यांचं बोलणंही ऐकू यायचं.

सुरुवातीला तिने जुन्या लुगड्यांच्या घड्या केल्या. दिवसभर ती मोरीवर. हात उकडून फुटले, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं, पण अंगणातल्या दोरीवर लुगड्यांचे तुकडे असे पांढरे की मी नव्या धुण्याच्या सोड्याचं नाव विचारलं. शिमग्याला कामोठ्याहून लेक आली, प्राप्ती. आईचे हात बघून रडली आणि मोठ्या माणसाच्या डायपरची खोकी आणून ठेवून गेली. पुढची घरपोच येतील अशी व्यवस्थाही केली. तुळशी पहिल्यांदा दुपारची झोपली. मी कुंपणावरून पाहिलं, पायरीवरच, भिंतीला टेकून, तोंड उघडं.

खोकी घरी येण्याची व्यवस्था झाली. त्यातलं जाण्याची कुणी केली नव्हती.

आधी तिने जाळून पाहिलं, करवंट्या जाळतात तसं परसात. ते जळेना. आतला तो बुळबुळीत गर फुगून धुमसत राहिला आणि धूर आळीभर. पलीकडून कुणीतरी ओरडलं, कोण मेलंय का जाळताय. खिडकीत नामा होता. मग पुरून पाहिलं. तिच्या परसाची जमीन खाडीची, हात-दीड हात खणलं की खारं पाणी लागतं. वर ढकललेल्या मातीवर तिने दगड ठेवले, पण कुत्र्यांना दगडांचं काय. त्यांनी एक उकरून देवळाच्या पारावर नेऊन फाडलं. माझ्या वाडीत जमीन उंच आहे, खोल खड्डा झाला असता. मला तिने विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायला मी काही मास्तरीण नाही.

शेवटी तिने काळ्या पिशवीत घट्ट बांधून, वर दुसरी पिशवी चढवून, घंटागाडीला द्यायला आणली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या रांगेत उभी होती. मीच टोमणा मारणार होते, तेवढ्यात गाडीवरच्या माणसाने काठीने पिशवी टोचली. भोंगा चालू होता, त्याहून वरच्या आवाजात तो म्हणाला की काकी, हे ओल्यातही नाय आणि सुक्यातही नाय, हे हॉस्पिटलवालं, हे आपण घेत नाय. तुळशी हळू बोलायला गेली. त्याला ऐकू येईना. मग त्याने भोंगा बंद केला आणि तेच परत सांगितलं, आता अख्ख्या आळीला. तिने पिशवी पदराआड धरली आणि घरात नेली.

त्या दिवसापासून नामाने पेज घेणं बंद केलं. पाण्याचा चमचा लावला की दात मिटायचा. तुळशीला वाटलं, गिळता येईना. प्राप्तीने फोनवरून डॉक्टरला विचारलं. कशाचाच उलगडा नव्हता. संध्याकाळी मी बसायला गेले होते, तेव्हा त्यानेच तो केला. एकेक शब्द डाव्या गालातून ढकलत होता.

"आत गेलाच न्हाय, तं भायेर काय येल?"

तुळशी उठून आत गेली. भांडी वाजली. परत आली ती हसत आली. असं हसणं मी तिच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, अवो, मी पंचायतीत जाऊन आले, आता येगली गाडी येते, लांब नेऊन टाकते, कुनाला दिसत पन न्हाय. नामाने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड गावात खोट्यासाठी प्रसिद्ध, तरी मी मान डोलावली. त्याने तोंड उघडलं. तिने पेजेचा चमचा घातला.

आता त्या गाडीला यायलाच हवं होतं.

ती गाडी म्हणजे खाडी. मिठागरावरच्या पोरीला भरती-ओहोटी शिकवायला लागत नाही. अवस-पुनवेला उधाण, तेव्हा पहाटेची ओहोटी अशी ओढीची की बापाने मिठागराची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, खोललं की आतला पाचोळा सरळ समुद्रात जायचा. हे तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून तिने कोंबड्या विकल्या, रिकाम्या खुराड्यात पिशव्या साठवायच्या आणि अवस-पुनव आली की पहाटे जुन्या उघाडीपाशी जाऊन पाण्यात सोडायच्या. अंधारात जाणारी बाई, काळं गाठोडं, तिथी अवसेची. गावाने करणी ओळखली यात गावाचीही काय चूक?

तिच्या हिशेबातली खाडी मात्र तिच्या बापाबरोबरच गेली होती. मीठ बंद पडल्यावर बांध फुटले, वाफ्यांत गाळ भरला, त्यावर तिवराच्या खारफुटीचं रान माजलं. पाणी आता उघाडीतून सरळ जात नाही, तिवरांत शिरून फिरतं. तुळशीला काठावरून पिशवी वळणापर्यंत गेलेली दिसायची. वळणापलीकडे ती तिवराच्या मुळांत अडकायची, आणि ते बघायला तिथे कुणी जात नाही.

नामा पेज घेत होता. एकदा त्याने बोंबलाचं कालवण मागितलं. गावात उताऱ्याच्या गोष्टी चालल्या होत्या, त्या तिला कळत होत्या, आणि ती त्या खोडत नव्हती. मी म्हटलं, अगं, लोक काय काय बोलतात. ती म्हणाली, बोलू दे, करनी बोलतान त्ये बरा हाय.

नारळी पुनवेच्या आधी दोन दिवस पाऊस लागून राहिला होता, वर वारा समुद्राकडून. पुनवेला दुपारी भरतीची वेळ धरून गाव धक्क्यावर जमलं. पुढे बेंजो, मागे सोनेरी कागदाचा नारळ घेऊन धर्माजी. हा कोळीवाड्यातला जुना पंच, नारळाचा मान त्याच्या घराण्याचा. नव्या साड्या, गजरे, अंगावर अत्तर. पाणी एवढं चढलं होतं की धक्क्याच्या वरच्या पायऱ्याच तेवढ्या दिसत होत्या, आणि तिवरांचे नुसते शेंडे.

त्या शेंड्यांमधून एक काळी पिशवी आली. मग तिच्यामागून आणखी. गाळ लागलेल्या, फुगलेल्या, एकमेकींना ढुशा देत, अगदी वऱ्हाड आल्यासारख्या, सगळ्या धक्क्याकडे. धर्माजी नारळ दोन्ही हातांत धरून उभा होता आणि त्याच्या पायाशी एक फाटली.

बेंजो थांबला. आधी कुणीतरी उतारा, उतारा म्हणून मागे सरलं. मग जवळच्यांनी पाहिलं आणि नाकाला रुमाल लावले. करणीला घाबरलेले चेहरे मला चालले असते. ते नंतर हसायला लागले, ते नाही चालले. राजेसाहेबांचाही नारळ आला, असं कुणीतरी मागून म्हणालं.

तुळशी गर्दीतून पुढे आली. पुनवेची साडी नेसली होती, तिचा काष्टा मारला आणि पायऱ्या उतरून छातीपर्यंत पाण्यात गेली. एकेक पिशवी पकडून वर आणायला लागली. तिला कुणी अडवलं नाही आणि तिच्याबरोबर कुणी उतरलंही नाही. मी धक्क्यावरची एक रिकामी गोणी उचलली आणि तिचं तोंड उघडं धरून उभी राहिले.  सगळ्या वेचून झाल्यावर धर्माजी म्हणाला, वयनी, आजच्या दिवसाला खाडी बाटवलीस. पाण्यात हळद टाकून त्याने नारळ सोडला. बेंजो पुन्हा सुरू झाला.

घरी जायला रस्ता एकच, नामाच्या खिडकीखालून. गोणी गळत होती. तो बघत होता. तुळशीने वर पाहिलं नाही.

"परत आला?" त्याने विचारलं.

ती परसात गेली. गोणी खुराड्यात ठेवून आली, हात धुतले, पेज गरम केली. दात मिटलेले. तिने शपथा घातल्या, शिव्या दिल्या, मी माझे सगळे विनोद खर्ची घातले. डॉक्टरने येऊन सलाईन लावलं, ते त्याने चालत्या हाताने ओढून काढलं. लेकीने येऊन पाय धरले. त्याने डोळे मिटून घेतले. गणपती यायच्या आधीच तो गेला. शेवटचे दिवस तर त्याला काही लावावंच लागलं नव्हतं. अंथरूण कोरडं, इस्त्री केल्यासारखं.

अंत्यविधीला गाव झाडून आलं. मेल्या माणसाला सगळे हजर. धर्माजीने पुढे होऊन सगळं नीट केलं, त्यात नाव ठेवायला जागा नाही. स्मशानातून परतल्यावर त्याने दोघांना आत पाठवलं. आमच्याकडे रीत आहे, माणूस गेला की त्याची गादी, उशी, पांघरूण खाडीत सोडतात. कित्येक वर्षं सोडतायत. ओहोटीला ती कुठे जातात, कुणी विचारत नाही. भरतीला परत आली तर आपण दुसरीकडे बघतो. दोघांनी गादीची गुंडाळी केली आणि खांद्यावर घेतली.

तुळशी दारात उभी राहिली. मागे परसात खुराडा तसाच भरलेला होता. तो अजून भरलेलाच आहे, त्याचं काय करायचं ते पंचायतीलाही सुचलेलं नाही. धर्माजी समजुतीने म्हणाला की वयनी, वाट दे, गादी खाडीत सोडायची हाय, रीत हाय.

तुळशीने गादीला हात घालून ती त्यांच्या खांद्यावरून खाली ओढली.

"भावजी, जित्या मानसाचा तुमच्या खाडीला चालला न्हाय, मंग मेल्याचा कसा चालते? र्‍हाव दे हितंच. मी झोपन तिच्यावर."