तिचं दुखणं, माझं तोंड

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण बोलण्यात मला कुणी हरवलेलं न्हाई. वडीगोद्रीच्या हॉटेलात लोक मला मुद्दाम चहा पाजून बोलतं करायचे. कुणाची चाल असो, कुणा व्याह्याचा राग असो, मी अशी काही उपमा द्यायचो की बाकडं हसायचं. शाळेचे मास्तर म्हणायचे, "बाबा, याला अलंकार म्हणतात." मी म्हणायचो, म्हणत असतील.

आमच्या धनगरांत बाईचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं. मेंढराचं सांगतो तसंच. बायको घरात कितीही बोलो, डॉक्टरपुढं पदर ओढून गप.

त्या सकाळी चुलीपुढं तिनं छाती धरली. कपाळाला घाम. "आवळतंय," एवढंच म्हणाली. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरणी होती.

"बाबा, आजींना काय होतंय?"

बाकावर चार माणसं बसलेली. नुसतं आवळतंय म्हणणं मला फिकं वाटलं. मी म्हणालो, "बाई, छातीत वीटभट्टी पेटल्यावानी झालंय. धूर निघायचा तेवढा राह्यलाय."

बाकावरची माणसं हसली. डॉक्टरीणही हसली. "जळजळतंय म्हणा की. काल काय खाल्लं?"

"ठेचा."

ती पित्ताचं औषध लिहायला लागली. बायकोनं माझी बाही ओढली. मी हात झटकला. तिनं पुन्हा ओढली. बोटं गार लागली.

"बाई," ती म्हणाली. परक्यापुढं तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "जळत न्हाई. यांचं नका लिहू. पावसात वाघूर भिजते ना, तसं झालंय."

"वाघूर म्हणजे?"

"मेंढरं कोंडायची जाळी. भिजली की एकेक गाठ आवळून घेते, सोडवता सुटत न्हाई. तसं हितं. अन् एक दोर ह्या हातात ओढून राह्यलाय." तिनं डावा हात पुढं केला.

डॉक्टरिणीचा पेन थांबला. "कधीपासून?"

"पहाटेपासून."

मंग एकच धावपळ. छातीला तारा लावून पट्टी काढली, जिभेखाली गोळी ठेवली, जालन्याला न्यायला गाडी बोलावली. डॉक्टरीण मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाबा, तुमचं ऐकून मी यांना घरी पाठवत होते."

मी गाडीत तिच्या पायाशी बसलो.

जालन्यात उतरवलं तेव्हा तिच्या तोंडावर नळीचा मुखवटा. तिथल्या डॉक्टरनं मलाच विचारलं. तोंडात एक झकास उपमा आल्ती. गिळली. वाघूर, गाठी, डाव्या हातातला दोर, पहाटेपासून. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिला आत नेलं, दार लागलं. बसा म्हणाले तरी मी दुपार कलेपर्यंत जिन्यापाशी उभाच राह्यलो.

वाचली ती. शीर तुंबल्ती, मोकळी केली म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अहो, मी आवळतंय म्हणले होते. भट्टी कुठून आणली तुम्ही?"

"लोक बसले होते," मी म्हणालो.

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. माफी मागायची मला सवय न्हाई. मी तांब्या भरून आणला आणि ती इकडं वळेपर्यंत हातात धरून उभा राह्यलो.