चिनी कमानीवरचा झोका

मी ड्रॅगन ट्रेनच्या शेपटीखाली वाकून नट तपासत होते, तेवढ्यात समोरच्या कमानीवरून एक दोर सर्रकन पलीकडे जाऊन पडला. जाड, नायलॉनचा, ट्रॅक्टरवर कापसाच्या गोण्या आवळतात तसला. कमानीखाली पाच-सहा बाया. एकीने लोंबतं टोक पकडलं आणि दुसरी गाठ मारायला लागली.

"ओ मावशी! काय चाललंय हे?" मी ओरडतच पळाले.

"झोका बांधी ऱ्हायनूत," गाठ मारणारी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आज आखाजी शे ना!"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि झोके घेतात. झोका नसेल तर आमच्याकडे आखाजी झाली असं कुणी म्हणत नाही.

मी शहाद्याची. प्रकाशा गावाच्या रस्त्यावर एक थीम पार्क आहे, तिथे सेफ्टी ऑफिसर. सेफ्टी ऑफिसर म्हणजे जिला सगळे तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ फिरली की शिव्या घालतात. त्या दिवशी पार्कात 'चायना टाऊन' उघडलं होतं. लाल कमान, कागदी कंदील, प्लायवूडचा पॅगोडा, ड्रॅगन ट्रेन आणि अर्थातच मंचुरियनचा स्टॉल. लेकीबाळींनी घरं भरलेली असतात म्हणून शेठनी मुद्दाम आखाजीचा मुहूर्त धरला होता. लेकी आल्या की मागोमाग दोर येणार, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गाठ मारणाऱ्या सुमनमावशी कळसाडी गावच्या. मी दोर धरून ठेवला तशा त्या भडकल्या.

"आमना गावना झोकाना निंब रस्तामां तुटी गया. मोबाइलमां हाई कमान देखी, एवढी उंच, एवढी मजबूत. म्हनीसन आठे उनूत. मन्ही पुतनीनी पहिली आखाजी शे. तिले माय नही, मीच माय. सांजले जवाई लेवाले ई ऱ्हायना. झोका नही खावाना त आखाजी कसानी?"

पुतणी मनीषा बाजूला उभी होती. हातात हिरवा चुडा, अंगावर नवी हिरवी साडी. "ऱ्हाऊ दे ना काकू," ती म्हणाली खरी, पण डोळे त्या दोरावरच होते. लग्नानंतरची पहिली आखाजी पुन्हा येत नाही.

पण ती कमान मला आतून ठाऊक होती. लांबून सागाच्या खोडासारखी दिसते. आत बारीक चौकोनी पाइप आणि वरून फायबर, म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं कवच. ड्रॉइंगवर तिच्यापुढे 'डेकोरेटिव्ह' असं लिहिलेलं होतं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की ती स्वतःचं आणि कंदिलांचं वजन पेलेल, बाकी कुणी तिच्या भरवशावर राहू नये. बडा घर पोकळ वासा ही म्हण या कमानीकडे बघूनच केली असावी.

"मावशी, हाई कमान पोकळ शे," मी सांगितलं. मावशींनी कमानीवर थाप मारली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला.

तेवढ्यात शेठ आले, सोबत फोटोग्राफर. दोर बघून शेठची कळी खुलली.

"वा! चिनी गेट आणि आपला झोका! काय रील होईल मॅडम! बांधू द्या, बांधू द्या."

"नाही बांधता येणार, शेठ."

"अहो, पोरगी वजनाला केवढीशी! दोन मिनिटं बसवा, फोटो झाला की उतरवा."

"नुसतं बसलेलं वजन वेगळं आणि झोक्यातलं वेगळं. झोका उंचावरून खाली येतो तेव्हा दोराला दुप्पट, कधी त्याहूनही जास्त ओढ बसते. हिला आम्ही डायनॅमिक लोड म्हणतो."

"तुमचं ते इंग्लिश ऑफिसात ठेवा. मालक मी आहे ना?"

आता माझं पित्त खवळलं. "मालक तुम्हीच. पण सही माझी लागते. चला, टेस्ट घेऊ. पोरीऐवजी वाळूची गोणी."

मी कमानीखालून सगळ्यांना लांब हटवलं, दोऱ्या बांधून रस्ता अडवला. फिटर रमेशने गोणी झोक्याला लटकवली. गोणी शांत लोंबत राहिली. कमान हललीही नाही. शेठ गालात हसले. मावशी तर थेट म्हणाल्या, "देखं? मी काय सांगी ऱ्हायनू?"

"रमेश, लांब दोरी लावून गोणी मागे ओढ आणि सोड," मी म्हटलं.

पहिल्या हेलकाव्याला आतून करकर झाली. दुसऱ्याला बोल्ट तुटल्याचा आवाज आला, फायबर उभं चिरलं आणि आडवा वासा एका बाजूने खाली आला. गोणी धपकन पडून फुटली, तिच्यावर दोन कंदील.

मावशींनी मनीषाचा हात घट्ट धरला होता.

शेठ माझ्यावर ओरडले, "उद्घाटनाच्या दिवशी गेट तोडलंत माझं! मॅडम, उद्यापासून..."

"उद्याचं उद्या बघू, शेठ. आत्ता मागच्या यार्डाची किल्ली द्या."

"चाल पोरी, घर चाल," मावशी पुतणीला म्हणाल्या. मनीषाने मान खाली घातली आणि दोर गुंडाळायला लागली. ते मला बघवेना.

"मावशी, थांबा. झोका होणार म्हणजे होणार."

पॅगोडाच्या मागे आमचं यार्ड आहे. ड्रॅगन ट्रेनचा डबा दुरुस्तीसाठी उचलायला तिथे गॅन्ट्री आहे. गॅन्ट्री म्हणजे सिमेंटात पाय रोवलेली लोखंडी चौकट आणि वर आडवी जाडजूड तुळई, म्हणजे गर्डर. तिची लोड टेस्ट झालेली, गर्डरवर 'दोन टन' असं रंगवलेलं. रमेशने चेन-पुली काढून बाजूला केली. गर्डरची धार दोराला कापू नये म्हणून मी गोणपाट गुंडाळलं. मावशींची गाठ सोडवून माझी बांधली, खाली रबरी मॅट टाकल्या. परत गोणी, परत हेलकावे. गर्डर ढिम्म हलला नाही. मग आधी मी स्वतः बसले. साइटवर माझा नियमच आहे तो.

उतरून म्हटलं, "मनीषा, ये. बस."

समोर प्लायवूडची मागची बाजू, रंगाचे रिकामे डबे, धडधडणारा जनरेटर. असल्या जागी आखाजीचा झोका कुणी घेतला नसेल. पण तिसऱ्या हेलकाव्याला पोरगी खळखळून हसायला लागली, बायांनी गाणं धरलं आणि जनरेटर ऐकू येईनासा झाला. पलीकडे चायना टाऊनमध्ये लोकांना भिंतीवरून एक हिरवी साडी वर येताना आणि खाली जाताना दिसली. थोड्या वेळात यार्डाच्या दाराशी माहेरवाशिणींची रांग लागली.

जावई वेळेवर आला. बिचारा बॅग घेऊन उभा. मावशींनी त्याला रंगाचा उलटा ठेवलेला डबा दाखवला. "बसा जवाई. आजून तिनं मन भरनं नही."

तो बसला.

शेठनी मला कामावरून काढलं नाही. कमान पुन्हा उभी केली तेव्हा ठेकेदाराला त्यांनीच सांगितलं, "आत खरा गर्डर टाका." मंचुरियनपेक्षा झोक्याला गर्दी जास्त होते, हे शेठला कळायला वेळ लागत नाही.

आता नवीन ड्रॉइंग आलं की मी वारा, पाऊस, गर्दी सगळं बघते आणि मग एक प्रश्न विचारते, जो कुठल्याही पुस्तकात नाही: याला झोका बांधता येईल असं वाटतं का? वाटत असेल तर आमच्या बाया तो बांधणारच. तेवढं लोखंड आधीच घाला.