पिस्तुलाच्या पोटातलं लाटनं

मले पिस्तुलाचं भेव वाटते, हे पहिलेच सांगून देते. फटाका फुटला तरी मी पोरीच्या कानावर हात ठेवते. आन तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मालगुजाराच्या वसरीत एक नाही, दोन-दोन पिस्तुलं समोर घेऊन बसली होती. मांडीवर पोरगी, हातात कानस, आन छातीत असं धडधडत होतं का पोरीले वाटलं असन माय पळून रायली.

झालं असं. आमचे हे सुतार. सौंदडच्या पलीकडे तलावाच्या पारीजवळ, त्या बांधाले लागून, मालगुजार नवं घर बांधून रायले होते. मालगुजारी, म्हंजे गावाची जमीनदारी, सरकारनं काढली तरी लोक त्यायले मालगुजारच म्हनत, मालकच म्हनत. त्या घराचे सारे दरवाजे-खिडक्या कोनाले भेटतीन, यावर आमचं वरीसभराचं पोट होतं. गोंदियाचा एक मिस्त्री येऊन चौकटी पाहूनही गेला होता. पन मालकानं यायले म्हनलं, "पहिले माह्या बापाच्या रिवालवरची मूठ करून दे. दसऱ्याले पूजेत बसली पाहिजे. बसली तं दरवाजे तुहे."

ती मूठ दगडाच्या पायरीवर पडून फुटली होती. आन मालकीनबाई अडून बसल्या होत्या का खंडित हत्यार मी पूजेत मांडू देनार नाही. मालकाचे दोन रिवालवर, एक सोताचा, एक मेलेल्या बापाचा, दर दसऱ्याले लाल कपड्यावर बाजू-बाजूले. वरून शेंदूर, हळद-कुकू, झेंडूचे फुलं. इतके फुलं का खाली काय आहे हे कोनी धड पाहेच ना. सारे म्हनत जोडी आहे.

हे माप घ्याले गेले तवा बापाचा रिवालवर लायसनाच्या तपासनीसाठी ठान्यात गेला होता. मालक म्हनले, "काऊन थांबतो? दोन्ही सारखेच. माह्यावाल्याचं माप घे." यायनं कागदावर त्याचा आकार काढला आन घरी शिसमाच्या दोन पट्ट्या अशा केल्या, अशा केल्या, का हात फिरवला तं लोन्यावर फिरवल्यावानी लागे. मंग यायले हिवताप भरला. दोन गोधड्यायखाली दात वाजवत मले म्हनले, "तू जा. फकत एक पेच कसाचा आहे. मालक सोताच कसतीन."

मी थैली घेतली. पट्ट्या तं होत्याच, पन मी कानस, पटाशी, बारीक करवतही टाकली. माहा बापही सुतार. चौथीपर्यंत शाळेत गेली, बाकीचं करवतीच्या दुसऱ्या टोकाले बसून शिकली. पोरीले कडेवर घेतलं आन पारीवरून निंगाली.

मालकानं पट्ट्या हातात घेतल्या, म्हनले वा! मंग कपाटातून बापाचा रिवालवर काढला. मी एकदम खांबाच्या मांगं गेली.

"काऊन वो, कुठी गेली सुतारीन?"

"मालक, ते फुटन तं?"

ते हासले, पन भले मानूस. रिवालवरच्या बाजूची गोळ्या भराची खिडकी उघडून चक्री एक-एक खट फिरवली आन उजेडाकडे धरून मले प्रत्येक भोक दाखवलं. "पाह्य. उजेड दिसते ना आरपार? गोळी नाही. आन हा सिंगल ॲक्शन. घोडा अंगठ्यानं मांगं वढल्याबिगर चापाले जीवच नाही. दर गोळीले परत वढाचा. हा आपल्या मनानं कधी फुटत नाही."

"तरी तोंड भिंतीकडं करा," मी म्हनली.

त्यायनं केलं. मंग पट्टी लावून पाहिली. बसेच ना! खालून चांगली नखभर लांब, मांगून बाहेर आलेली, आन पेच टाकाले भोकच नाही. मालकाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मालकीनबाई पुरनाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"का झालं?"

"बसत नाही," मालक म्हनले.

"मंग राहू द्या घरात. मी खंडित मांडत नाही. आन दरवाज्यासाठी गोंदियावाल्याले निरोप धाडा."

मले वाटलं आता रडते का काय. यायची सारी मेहनत, गोधडीतले दात, आन हे. पोरगी मातर रिवालवरच्या पितळेकडे हात करून हासून रायली होती. तिच्या हाताकडे पाहता पाहता मीही पहिल्या बार नीट पाहिलं, का अरे, हे पितळ आहे! उघड्या कपाटात मालकाचा सोताचा रिवालवर दिसत होता, त्याची चौकट तं लोखंडाची.

मी म्हनली, "मालकीनबाई, कनकीचा एक गोळा द्या."

"कायले? भूक लागली?"

"मापाले."

त्यायनं मालकाकडे पाहिलं, मालकानं वरती छताकडे. पन गोळा दिला. मी तो पाटावर थापला आन मालकाले म्हनली का दोन्ही रिवालवरच्या मुठीची चौकट यात एक-एक बार दाबा, मी हात लावत नाही. मालकानं पहिले सोताच्याचं लाकूड काढलं. मंग त्यायनं दोन्ही दाबले, उचलले, आन कनकीत दोन ठसे उठले बाजू-बाजूले. इतक्या वर्साची जोडी पाटावर फुटली! एक ठसा लांब, खाली जाऊन मांगं वळलेला, अगदी नांगर धराच्या रुमन्यावानी. दुसरा लहान आन गोल, जशी पोपटाची मुंडी.

"अरे!" मालक खाली उकिडवे बसले. मंग त्यायलेच हुरूप चढला. एक-एक फरक काढून मले दाखवाले लागले. सोताच्याच्या घोड्याची शेपटी रुंद, बापाच्याची उंदरावानी बारीक. सोताच्याच्या चौकटीत मधात खुंटी आन पेचाचं भोक, म्हनून दोन पट्ट्या दोन बाजूनं कसल्या जातात. बापाच्यात भोकच नाही. तिथं पाठीची पितळी पट्टी येगळी निघते, एकच अख्खं लाकूड आत बसते, आन पट्टी त्याले मांगून आवळते. नळीवरची छाप एकच, म्हनून कारखाना एक, पन बापाचा जुन्या घडनीचा, मंग कारखान्यानं मूठ लांब केली असन, असं ते म्हनले. जुन्या मुठीचे तुकडे त्यायनं फेकून देले होते, ते राहते तं तवाच समजलं असतं.

"मंग आता?" मालकीनबाई म्हनल्या. "फरक मोजूनच दसरा कराचा?"

मी म्हनली, "लांब आहे ते कापता येते. कमी असतं तं मेली असती. ह्या दोन पट्ट्या कापते, आन मधात तिसरं लाकूड भरून एक करते. पन ते लाकूड सुकं पाहिजे, जुनं, घट्ट. ओलं टाकलं तं चार महिन्यानं फाटन."

मालकानं बैलगाडीचा दांडा दाखवला, तो बाभळीचा, रेशा उघड्या. खाटेचा पाय दाखवला, तो घुनानं पोखरलेला. मी फिरत-फिरत चुलीपाशी आली आन तिथंच थांबली. मालकीनबाईच्या हातात लाटनं होतं. शिसमाचं, वर्सानुवर्सं तेल पिलेलं, काळं, दगडावानी.

त्यायनं माहे डोळे पाहिले आन लाटनं मांगं लपवलं.

"नाही वो बाई! माह्या सासूचं आहे!"

"मालकाच्या मायचं ना?" मी म्हनली. कुठून आला इतका दम, मले अजून समजत नाही. "मालकाच्या बापाच्या रिवालवरात मालकाच्या मायचं लाटनं. यापरीस चांगलं लाकूड मले गोंदियात भेटनार नाही."

मालक इतके हासले का खोकला लागला. "दे वो, दे! जिती होती तवा बाबांले धाकात ठेवतच होती, आता आत बसून ठेवन."

"आन मी पोळ्या कायनं लाटू?"

"शिशीनं लाट आजच्या दिवस."

देलं त्यायनं. पन करवत लावताना पाठ फिरवून उभ्या रायल्या.

मंग मी बसली. पोरीले पदराखाली घेतलं, प्याले लावलं, आन वरून हात चालू. कनकीतल्या पोपटाच्या मुंडीवर पट्टी ठेवून निशानी केली, कापली. लाटन्याचा तुकडा मधात, पळसावरची लाख तापवून तिन्ही चिकटवले. आता आत बसवाचं. ते सारं आंधळं काम, कुठी अडते ते दिसत नाही. मी पोरीच्या काजळाची डबी काढली आन आतून पितळेले काजळ लावलं. त्यासाठी रिवालवर हातात धरावाच लागला. धरला! भिंतीकडे तोंड करून, डोळे बारीक करून, पन धरला. लाकूड आत दाबलं, बाहेर काढलं, तं जिथं अडे तिथं काळा ठिपका. तेवढंच कानसीनं काढाचं, परत दाबाचं. ठिपके एकाचे चार झाले, चाराचे पसरत गेले, आन ऊन वसरीतून आंगनात गेलं तवा सारं लाकूडच आतून काळं झालं. म्हंजे सारीकडून टेकलं.

मालकानं पाठीची पट्टी लावली, पेच कसले. कुठी केसभर फट नाही. त्यायनं मूठ हातात घेतली आन त्यायची करंगळी खाली लोंबली.

"लहान केली वो!" मालकीनबाई म्हनल्या.

मालकानं मूठ हातात फिरवून पाहिली. मंग हळूच म्हनले, "नाही. बाबांचा हात लहान होता. मी पोरगा होतो तवा ह्या मुठीत त्यायचा हात पुरा बसे." त्यायनं रिवालवर मालकीनबाईच्या हाताकडे केला. बाईनं घेतला नाही, पन फुलाच्या टोपलीतून एक झेंडू काढून त्यावर ठेवला. "मांडते उद्या," म्हनल्या.

मी पारीवरून घरी आली ती जवळजवळ पळतच. हे गोधडीतून म्हनले, "बसली?"

"बसली!"

"पेच नीट कसला ना?"

मी इतकी हासली का यायले वाटलं ताप मले चढला.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर मालक बापाचा रिवालवर घेऊन पारीवर उभे रायले. सारं गाव होतं. हे भिंतीले टेकत आले होते. मी पोरीचे कान दाबले, माहे उघडेच रायले. मालकानं अंगठ्यानं घोडा वढला, कट्ट! आन बार झाला. तलावातले बदक सारे एकदम उडाले. मूठ हलली नाही. फुटली नाही. मालकानं ती डोळ्यापाशी नेऊन पाहिली आन इतक्या लोकात मोठ्यानं म्हनले, "मिस्त्री, ताप उतरला का दरवाज्याचं माप घ्याले ये! आन सुतारीनबाईले घेऊन ये, नाही तं एकाचं माप घेशीन आन दुसऱ्याले लावशीन!"

हे लाजले, आन सगळ्यायच्या आधी हेच हासले.

"पहिले माहं लाटनं!" मालकीनबाई बायायमधून ओरडल्या.

दरवाजे आमीच केले, अजून उभे आहेत. पन त्या घरचं पहिलं काम ते लाटनं. शिसमाचं, मी केलं, पोरगी बाजूले भुशात खेळत होती. मालकीनबाईनं ते हातात फिरवून पाहिलं आन म्हनलं, "हे कोनाच्या पिस्तुलात जाऊ देनार नाही मी, सांगून ठेवते."